उकिरड्याचा पांग

दिल्लीत होळीच्या मागेपुढे एक विलक्षण ऋतू येतो. त्याला वसंत म्हणावे, तर झाडांची पाने गळत असतात. आणि शिशिर म्हणावे, तर त्याच फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी फुटलेली असते. सरकारी वसाहतींतले कडुनिंब या दिवसांत बघता बघता रिकामे होतात. रस्ते, गच्च्या, उभ्या मोटारींची टपे पिवळ्या पानांनी भरून जातात. सकाळी झाडूवाला येतो, खराट्याने त्या पानांचे ढीग करतो, आणि पूर्वी तर सरळ काडी ओढून मोकळा होत असे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्लीत पाने व कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. तरीही एखाद्या पहाटे कुठल्याशा कोपऱ्यातून तो ओळखीचा कडवट धूर येतोच. झाडूवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ढीग उचलून नेणारी गाडी नेहमी वेळेवर येतेच असे नाही. पाने मात्र रोज पडतात.

या धुराच्या वासाने मला दरवर्षी माझ्या आजीची आठवण होते. आमच्या कोकणात भाताच्या राबासाठी पालापाचोळा भाजीत असत. पण तो हिशेब निराळा होता. परसातले एक पानही ती जाळू देत नसे. दिल्लीतले हे ढीग पेटलेले तिने पाहिले असते, तर कुणीतरी भाताची कणगीच पेटवून दिली आहे, असे तिला वाटले असते.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले, डोंगराच्या उतारावरचे. घरामागे जांभ्या दगडाच्या गडग्याने वेढलेले परस होते, जेमतेम दोन गुंठ्यांचे. न्हाणीघराचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडे तिच्या तोंडाशी अळवाचे आळे, त्याच्या पलीकडे दोन केळी. मांडवावर पडवळ आणि दोडकी. गोठ्याच्या कौलांवर भोपळ्याचा वेल. गडग्याच्या कडेने शेवगा आणि कढीलिंब. आणि भाजीच्या वाफ्यांतून मध्येमध्ये झेंडू. एकदा वापरलेले पाणी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडल्याखेरीज त्या परसातून बाहेर जात नसे. आणि या साऱ्या संसाराच्या एका कोपऱ्यात, मांडवापेक्षाही अधिक जपलेला असा उकिरडा होता. गोठ्यातले शेण, गुरांनी टाकलेला चारा, पातेरा, भाज्यांची देठे, केर, चुलीची राख, सारे त्याच्या पोटात जाई.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्यात म्हण आहे. ती आपण उपहासाने वापरतो. एखाद्या दरिद्री माणसाचे नशीब उघडले की म्हणतो. पण आजीच्या तोंडी ही म्हण आली की ती अक्षरशः घ्यावी लागे. उकिरड्याने घराण्याची वर्षानुवर्षे सेवा केलेली असते, आणि तो पांग आपण फेडायचा असतो, असा तिचा त्यातला भाव असे.

मी त्या परसात वाढलो, पण त्यातले काही शिकलो नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. तिच्या नियमांकडे मी अडाणी माणसाच्या समजुती म्हणूनच पाहत असे. भाजीचे वाफे उंच करावेत. मृगाचा पाऊस पडल्यावाचून बी मातीत टाकू नये. पानांवर कीड दिसली की सकाळच्या दंवात राख फुंकावी. एका वाफ्यात लागोपाठ दोनदा एकच भाजी लावू नये. वाल निघाले की तेथे पालेभाजी करावी. वेलाच्या पहिल्या उत्तम फळाला चिंधी बांधावी, म्हणजे ते कुणी तोडणार नाही आणि बियाला राहील. आणि माती कधी उघडी ठेवू नये. 'का?' म्हणून विचारले, तर बहुतेक वेळा 'असेच करतात' एवढेच उत्तर मिळे. वयाच्या पंधराव्या वर्षी या उत्तराने कुणाचे समाधान होत नाही.

पुढे पुण्यास मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडे लावण्यापूर्वी त्या भूमीत तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तेथेच मोडून मातीत मिसळावेत, असे त्याने त्यात सांगितले आहे. आज ज्याला हिरवळीचे खत म्हणतात तेच हे, आणि ग्रंथ सहाव्या शतकातला. मी तो श्लोक मोठ्या कौतुकाने उतरवून घेतला. पण सुट्टीत घरी गेल्यावर आजी टाकळ्याची कोवळी रोपे उपटून वाफ्यात गाडताना दिसली, तेव्हा त्या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे माझ्या ध्यानातही आले नाही. ग्रंथात असले म्हणजे शास्त्र आणि परसात असले म्हणजे सवय, अशी एक वाटणी सुशिक्षित माणसाच्या मनात नकळत होऊन गेलेली असते. माझ्याही झाली होती.

शासकीय सेवेत आल्यावर बदल्यांच्या ओघात दिल्लीस आलो आणि काही वर्षांपूर्वी मला तळमजल्यावरचे घर मिळाले. मागे सतरंजीएवढी मोकळी जमीन होती. हौस म्हणून बाजारातून रोपे आणली, युरियाची पिशवी आणली, आणि अधिकाराने जेवढा आत्मविश्वास येतो तेवढ्या आत्मविश्वासाने मूठ मूठ टाकून मोकळा झालो. चौथ्या दिवशी टोमॅटोची रोपे कडेने करपली. दोष खताचा नव्हता. तो माझ्या मुठीचा होता. पण झाले ते झाले.

त्याच वर्षी वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे दिल्लीस राहावयास आली. येताना तिने एक जुने फडके आणले होते, त्यात पाच गाठी. वाल, पडवळ, दोडकी, तवसे आणि लाल भोपळा. हे बी आजीच्या हातचे. म्हणजे आजीने जपलेल्या बियांपासून आईने दरवर्षी धरत आणलेले. आगगाडीच्या दोन दिवसांच्या प्रवासात तिने ते फडके उशाशी ठेवले होते. दागिन्यांची पेटी मात्र बाकाखाली होती.

आईने आल्याबरोबर परस हाती घेतले आणि आजीचे सगळे नियम दिल्लीच्या जमिनीला लावले. त्यानंतर जे झाले त्यामुळेच मी आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण त्यांतले निम्मे नियम साफ फसले.

मृगाचा मुहूर्त धरून तिने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकले. कोकणात त्या सुमारास पावसाची झड लागलेली असते. दिल्लीत मोसमी पाऊस यावयास जूनचा शेवट उजाडतो, आणि तोवर राजस्थानाकडून येणारी 'लू' अंगाची लाही करीत असते. रोपे वर आली आणि आठवड्यात वाळून गेली. वाफे तिने उंच केले होते. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. तेथे मुळांशी पाणी साचू न देणे हीच मोठी विद्या. दिल्लीत वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटरही नाही. उंच वाफ्यावर घातलेले पाणी चहूबाजूंनी ओघळून जाई आणि माती कोरडीच राही. राखेचेही तेच. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून तिने कोळशाची राख मागून आणली आणि सढळ हाताने घातली. कोकणची जांभी माती आंबट. राखेतला क्षार तिला मानवतो. दिल्लीची माती आणि येथले जमिनीतले पाणी आधीच क्षाराकडे झुकलेले. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागला. मी माती तपासून घेतली तेव्हा कारण कळले.

आईने हे सारे पाहिले आणि ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी वसाहतीत बागकाम करणाऱ्या माळ्याला तिने हाक मारली. हा पूर्व उत्तर प्रदेशातला वयस्कर गृहस्थ. आईचे हिंदी अगदी बेताचे, त्याची भोजपुरी तिला कळत नसे. पण दोघे मातीपाशी उकिडवी बसली, आणि त्यांचे तासभर जे संभाषण चालले ते मी खिडकीतून ऐकत होतो. तिने वाफ्यावर पाणी ओतून दाखविले. त्याने खुरप्याने शेजारी एक उथळ क्यारी काढली, कडा उंच केल्या, मध्ये पाणी सोडले आणि म्हणाला, "माताजी, यहाँ पानी को रोकना पड़ता है।" आई हसली. आत येऊन मला म्हणाली, "अरे, आमच्याकडे पाण्याला वाट करून द्यायची, इथे पाण्याला घर करून द्यायचे. म्हणजे प्रश्न एकच रे. पाणी जाते कुठे, एवढेच बघायचे."

श्रोतेहो, माझ्या एम. ए.च्या सगळ्या अभ्यासात परंपरा या शब्दाची इतकी नेमकी फोड मला मिळाली नव्हती. वाफा उंच असावा, हा नियम त्या मातीचा आणि त्या पावसाचा होता. पाणी कोठे जाते ते आधी पाहावे, ही त्या नियमाच्या पोटातली दृष्टी. नियम गावाच्या शिवेपाशी थांबतो. दृष्टी आगगाडीत बसून दिल्लीला येऊ शकते. जुने ते सारे सोने, असे म्हणून जे लोक एका मुलखाचा पाठ दुसऱ्या मुलखात गिरवतात, आणि जुने ते सारे अडाणी, असे म्हणून जे त्याला हसतात, त्या दोघांनाही नियम तेवढाच दिसलेला असतो.

मात्र काही गोष्टी कोकणात खऱ्या होत्या आणि दिल्लीतही खऱ्या ठरल्या. माती उघडी ठेवू नये, ही त्यांतली पहिली. मे महिन्यात पाचोळ्याच्या थराखालची जमीन हाताला गार लागे आणि पाणी निम्म्याने पुरे. वाल काढलेल्या वाफ्यात पालेभाजी करावी, ही दुसरी. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ च्या दरम्यान सिद्ध केले. भाजीत झेंडू लावावा, ही तिसरी. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक असतात, असे आता आढळून आले आहे. 'असेच करतात' या उत्तराच्या मागे बराच अनुभव दडलेला होता. तो शब्दांत मांडण्याची सोय तेवढी आजीजवळ नव्हती.

आणि चौथी गोष्ट उकिरडा. तो आईने दिल्लीतही घातला, आणि येथे आमची खरी परीक्षा झाली. मागच्या कोपऱ्यात खड्डा खणून ती स्वयंपाकघरातला सगळा ओला कचरा त्यात टाकू लागली. गोठा नाही, चारा नाही, पातेरा नाही. नुसती साले आणि देठे. महिन्याभरात दुर्गंधी सुटली, माश्या झाल्या, आणि रहिवाशांच्या समितीकडून मला लेखी तक्रार आली: खड्डा पंधरा दिवसांत बुजवावा. आयुष्यभर इतरांना मुदती घालून देणाऱ्या माणसाला स्वतःला मुदत मिळाली की ती फार टोचते. पण तक्रार रास्त होती, हे नाकारता येत नव्हते. मी आईला म्हटले, "आई, आता हा नाद सोड." ती म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकांत काही आहे का बघ ना."

म्हणून मी पाहिले, आणि मला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाची हकीकत सापडली. हे गृहस्थ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. आसपासच्या शेतकऱ्यांना शिकवावे म्हणून आलेल्या या माणसाने त्या शेतकऱ्यांनाच, आणि पिकांवर पडणाऱ्या किडींना, आपले गुरू मानले. तत्पूर्वी व्होल्कर नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८८९ ते १८९१ मध्ये भारतभर हिंडून, येथला कुणबी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना काही बाबतींत सरस आहे, असे लिहून ठेवले होते. आणि सरपणाअभावी शेण जाळले जाते ही येथली मोठी हानी आहे, हेही सांगितले होते. त्याही आधी, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, डोंगरावरच्या पानाफुलांचे सत्त्व पावसाने वाहून शेतांत कसे येत असे, याचे वर्णन करून बांधबंदिस्तीचा आग्रह धरला होता.

हॉवर्ड १९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरास आले. तेथील वनस्पती उद्योग संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकिरड्याला शास्त्राची शिस्त लावली. १९३१ साली या पद्धतीवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. मराठी कानाला ते परके वाटू नये. सुका पाला, ओला पाला, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर, उथळ खड्डा, बेताचा ओलावा, हवा खेळावी म्हणून तीन वेळा उलथापालथ, आणि तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत. कापसाची टणक धाटे लवकर कुजत नाहीत म्हणून ती तेथे वाटेवर पसरून ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाके ती चिरडून टाकीत. चीनमधील शेतकऱ्यांच्या चालीवरूनही हॉवर्ड यांनी पुष्कळ घेतले होते. ही 'इंदूर पद्धत' पुढे देशोदेशी गेली, आणि आज जगभर जिला सेंद्रिय शेती म्हणतात त्या विचाराचा एक मोठा झरा इंदुरात उगम पावला. म्हणीतला उकिरड्याचा पांग फिटावयास बारा वर्षे लागत. इंदुरात तो तीन महिन्यांत फिटू लागला!

त्यात आम्हाला आमची चूक सापडली. ओल्या कचऱ्यात नत्र फार आणि सुक्या पानांत कर्ब फार. दोन्हींचा मेळ बसला, कर्बाचे प्रमाण नत्राच्या सुमारे तीसपट राहिले, तर ढीग कुजण्याऐवजी मुरतो. आजीच्या उकिरड्यात पातेरा आपोआप येत असे, म्हणून तो मेळ तिला कधी मोजावा लागला नाही. आमच्याकडे सुकी पाने नव्हती. म्हणजे होती, रस्त्यावर हवी तेवढी होती. आम्ही ती जाळत होतो.

पंधरा दिवसांच्या मुदतीत झाडूवाल्याने आम्हाला पोती भरभरून पाने आणून दिली. दर ओल्या थरावर त्याच्या दुपटीतिपटीने सुकी पाने आणि मूठभर जुनी माती, असे आईने सारे पुन्हा रचले. समितीचे सभासद पाहणीला आले तेव्हा वास नव्हता. आईने त्यांतल्या सर्वांत तक्रारखोर गृहस्थांना खूण केली आणि ढिगात हात घालावयास सांगितले. त्यांनी घातला आणि चटकन मागे घेतला. आत चटका बसावा एवढी ऊब होती. लाकडाची एक काडी न जाळता ही ऊब कोठून आली, असे त्यांनी विचारले. तेथून संभाषणाचा सूर बदलला. खड्डा राहिला. दुसऱ्या वर्षी वसाहतीच्या मागच्या मैदानात पानांसाठी दोन मोठे हौद झाले, आणि आमच्या गल्लीत तरी काडी ओढणे बंद झाले. सगळ्या दिल्लीचा धूर त्याने हटला असे मी म्हणणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट वाटते. मी रासायनिक खतांविरुद्ध फिर्याद घेऊन आलेलो नाही. आजीचे परस एका घराला भाजी पुरवीत असे. वाढत्या राष्ट्राला धान्य पुरविण्याचा प्रश्न त्याहून फार मोठा होता, आणि ज्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो सोडविला त्यांचे ऋण आपल्यावर आहे. १९३४ च्या भूकंपात पुशाची ती संस्था उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीस आली, नाव मात्र पुसाच राहिले. माझ्या घरापासून ती फार दूर नाही. गव्हाच्या सुधारित वाणांचे मोठे कार्य तेथेच झाले, आणि शेतातला पेंढा न जाळता कुजवावा म्हणून बुरशीच्या कुप्याही अलीकडे तेथेच तयार झाल्या. जुन्या-नव्याचे वैर आपण समजतो तेवढे नसते. वैर असते ते आळसाशी. आणि ते माझ्या बाबतीत कसे भोवले ते आता सांगतो.

आई दिल्लीस पाच वर्षे होती. तिने मुहूर्त बदलले. वाल ती जुलैच्या पावसात लावी; दिवस लहान होऊ लागले की दसऱ्यानंतर तो फुलावर येई. दरवर्षी चिंध्या बांधल्या जात, दरवर्षी पाच गाठी पुन्हा भरल्या जात. मग एका हिवाळ्यात ती गेली. पाठोपाठ माझी दोन वर्षांसाठी दुसऱ्या राज्यात नेमणूक झाली. बी मी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून, एका कपाटात ठेवले. ते नीट वाळले आहे की नाही हे पाहिले नाही. राखेत घोळवले नाही. ती राख किडीला कोरडी ठेवते आणि ओल शोषून घेते, हे तोवर मला पुस्तकावरूनही ठाऊक झाले होते. परत आल्यावर डबा उघडला. वालाच्या दाण्यादाण्याला भोक होते आणि तळाशी पिठाचा थर. तवसे आणि पडवळ यांच्या बियांना बुरशी आली होती. जे धड दिसले ते चाळीस दाणे मी लावले. एकही उगवला नाही.

गावी चौकशी केली. आमचे घर बंद होते, परसात रान माजले होते. शेजारीपाजारी बी बाजारातून आणीत होते. आजीचा वाल कडवट, लहान, काळसर डोळ्याचा होता. त्याची आमटी जिने खाल्ली नाही अशी माझी मुलगी आहे, आणि ती आता कधी खाणार नाही. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते. हे बी म्हणजे तीन पिढ्यांनी दरवर्षी हाताने उतरवून काढलेली एकुलती एक पोथी होती, आणि ती माझ्या कपाटात वाळवीने खाल्ल्यासारखी गेली.

याचा सल अधिक असण्याचे कारण असे, की याच दिल्लीत, पुशाच्याच परिसरात, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था १९७६ पासून आहे. तिच्या पेढीत उणे अठरा अंश तापमानात पिकांच्या चार लाखांहून अधिक नमुन्यांचे बी जपलेले आहे. आणि याच काळात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे गावठी वाण आपल्या मातीच्या घरात, मडक्यांत, राखेत जपून शेकडो घरी पोहोचविले. त्यासाठी २०२० सालच्या पद्मश्री सन्मानासाठी त्यांची निवड झाली. एकीकडे उणे अठरा अंश, दुसरीकडे राखेची मडकी; बी दोन्हीकडे जिवंत राहते. ते मेले फक्त माझ्यासारख्या मधल्या माणसाच्या हातात, ज्याने ना पेढीकडे दिले, ना शेजाऱ्याला दिले, ना स्वतः लावले.

कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला नोंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही. कडुनिंबाच्या तेलाच्या एका बुरशीनाशक उपयोगावर युरोपात १९९४ मध्ये एका परदेशी कंपनीला आणि अमेरिकेच्या शेती खात्याला एकस्व मिळाले होते. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. पण त्यासाठी भारतीयांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आपल्या आज्या हे करीत आल्या आहेत, एवढे म्हणून भागले नाही, पुरावे गोळा करावे लागले. पुढे आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारले. त्यात ग्रंथांतरी असलेले पुष्कळ ज्ञान उतरविले गेले. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती; डॉ. य. ल. नेने यांनी तिची प्रत मिळविली, नलिनी साधले यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पोथीत होते म्हणून ते हाती आले. जे पोथीत कधी नव्हतेच, जे केवळ खुरप्याच्या आणि चिंधीच्या भाषेत होते, ते कोण उतरविणार?

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या घरी, गावी, ज्यांनी परस केले आहे असे कुणी वृद्ध माणूस असेल, तर त्यांच्यापाशी बसा. 'का?' असे एकदा विचारून उत्तर मिळाले नाही तर सोडून देऊ नका. काय करतात, कधी करतात, कोणत्या मातीत करतात, ते लिहून ठेवा. कारण पुढे शास्त्रज्ञ शोधतील. काही गोष्टी चुकीच्याही निघतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. आणि बी असेल, तर ते एका डब्यात ठेवू नका. पाच घरी द्या.

हे पाच घरांचे सांगतो आहे, कारण माझ्या कथेचा शेवट एका सहाव्या घरी झाला. गेल्या भाद्रपदात तो माळी माझ्या दारी आला. हातात दोन दोडकी होती. आईने त्याला एकदा मूठभर बी दिले होते. ते त्याने आपल्या गावी धाडले होते आणि भाऊबंदांनी ते दरवर्षी धरले होते. मी दोडके हातात घेऊन पाहिले. शिरा आजीच्या दोडक्याइतक्या धारदार नव्हत्या आणि लांबीही थोडी कमी होती. दोडक्यात परागांची देवघेव शेजारच्या वेलांशी होतच असते. पूर्वांचलातल्या कुठल्याशा वेलाशी त्याची सोयरीक झाली होती. ते आजीचे दोडके नव्हते. पण तिची नात म्हणावी, एवढे साम्य निश्चित होते.

एका दोडक्याची आम्ही भाजी केली. शिरांची चटणी केली. दुसऱ्याला मी चिंधी बांधली. तो तोडलेला आहे, आता चिंधीची गरज नाही, असे माळी म्हणाला. ते मलाही ठाऊक होते. तो पुरता वाळला, बी खुळखुळू लागले, तेव्हा ते काढून राखेत घोळवून पाच पुड्या केल्या. एक माझ्याकडे आहे. चार दिल्या आहेत.